बाटलीतला गुडघा

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! उल्हासनगर कॅम्प चारमधलं नवंकोरं एमआरआय सेंटर, आणि मी, वृंदाबाई, तिथली टेक्निशियन. चामटोलीहून नवरोबा कैलासच्या बाइकवर मागे बसून आले, केसांचा पार झाडू झाला. नवऱ्याला त्याचं हसू आवरेना. सेंटरचे जयदेव सर भलतेच हौशी. पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाल-पकवान खिलवलं. काम बहुतेक गुडघ्या-खांद्यांचं. इथली वर्कशॉपमधली माणसं वजनं उचलून खांद्याचे स्नायुबंध फाडून घेतात आणि महिनाभर हळद लावत बसतात.

रोज पेशंट घेण्याआधी मशीनची परीक्षा असते. गुडघ्यासाठीच्या प्लास्टिकच्या साच्यात पाण्याची सीलबंद बाटली ठेवायची, तिचा स्कॅन काढायचा. एकसारखा करडा गोल दिसला की मशीन ठणठणीत. पण नाव-वय भरल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. आता बाटलीचं नाव काय ठेवणार? मी लाडाने लिहिलं, रिद्धी, वय नऊ. लेकीच्या नावाने बोहनी झाली. रोज तेच लिहीन म्हणते.

९ फेब्रुवारी
आज गोलाच्या मधोमध काळपट डाग. सर म्हणाले, बुडबुडा असेल. मला नाही वाटत.

घरी आले तर रिद्धी पाय चोळत बसलेली. शाळेच्या लंगडीच्या संघात घेतल्यापासून अंगणात, ओट्यावर, जेवायला येतानासुद्धा लंगडीच घालते. सासूबाईंनी तेल लावलं आणि मला सुनावलं, आधी पोरीचा पाय बघ, लोकांचे मंग बघ.

१४ फेब्रुवारी
डाग नाही, गुडघा आहे. हाडांची टोकं, त्यांवरचं कूर्चेचं अस्तर, मधल्या गाद्या, अस्थिबंध, सगळं जागच्या जागी. वाढीच्या रेघा उघड्या, म्हणजे लहान मुलाचा. सर म्हणाले, कुणाची तरी जुनी फाइल मिसळली. बाटली उजेडात धरली; आत नुसतं पाणी.

पण वाटीचा वरचा कोपरा सुटा आहे. रिद्धीचा जन्मतःच तसा आहे, मागे पडली तेव्हा एक्स-रेत पाहिला होता. पाणी पिऊन आले आणि परत बघितलं. तिचाच.

१६ फेब्रुवारी
तिला सेंटरला आणलं. वाटेत म्हणाली, आई, पायात पाणी डुचमळतंय. मशीनच्या एवढ्या ठोक्यांतही पोर जराही हलली नाही.

चित्र आलं. एकसारखा करडा गोल. हाड नाही, कूर्चा नाही.

सर इंजिनिअरला फोन लावत बसले. मी तिला चप्पल घालत होते. तिचं नाव मीच दिलं होतं. कौतुकाने दिलं होतं.

१८ फेब्रुवारी
इंजिनिअर म्हणतो, मशीन एकदम ओके. नावाच्या जागी नुसतं ‘बाटली’ लिहून पाहिलं. गुडघा तिथेच. बाटली फेकायला निघाले— आणि तो तिच्यातच राहिला तर? परत ठेवली.

रिद्धी उभी राहत नाही. पाय टेकला की कापडासारखा दुमडतो. संघ तिच्याशिवाय स्पर्धेला गेला. रडली नाही, एवढंच विचारलं, आई, माझा पाय परत येईल ना?

तिच्या बदली माणूसच द्यावा लागणार.

१९ फेब्रुवारी
लिहिलं. वृंदा, वय चौतीस.

२० फेब्रुवारी
कैलासचा फोन. रिद्धी उठली! थेट अंगणात, लंगडी. सासूबाई रडत होत्या. बाटलीत आता मोठ्या माणसाचा गुडघा आहे. बरं झालं. खरंच बरं झालं.

२३ फेब्रुवारी
पाय गेला. सरांनी घरी पाठवलं. कैलासला काय सांगू— तो डॉक्टर शोधत फिरतोय. गुडघ्यावर भागलं नाही. खांदाही—

२५ फेब्रुवारी
दुखत नाही. आत हलतं फक्त. रिद्धी मांडीवर बसायला आली— नको म्हटलं. रागावली. कसं सांगू, तिच्या वजनाने मी सांडेन—

२६
मनगट. पेन धरवत नाही. रिद्धी शाळेतून येईल आता. पळत येते. पळतच येऊ दे. देवा, एकदा पोटाशी धरू दे तिला, तेवढ्यापुरते हात रा