सहा वाजता बाहेर

४ नोव्हेंबर
सरावलीत खोली मिळाली. खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, गावी माकुणसारला आईला मात्र झाडं दिसतात असं कळवलं. रंगाच्या कारखान्यात हजेरीचं काम आहे. चौदा हजार ओळींची एक्सेल शीट, आणि इथं सगळे ती डोळे फोडून वाचत होते. मी एक नियम लावला: आत आल्याची वेळ आहे, बाहेर गेल्याची नाही, ती ओळ आपोआप लाल. आमचे साहेब प्रणव सर बघतच राहिले. मीही जरा फुशारले, खोटं कशाला बोलू?

५ नोव्हेंबर
संध्याकाळी अकरा ओळी लाल. शेजारच्या दमयंतीताई हसल्या. ठेकेदाराची माणसं जाताना मशीनवर बोट लावायला विसरतात, म्हणाल्या, सहा टाक आणि मोकळी हो. त्या स्वतः साडेपाचलाच सगळ्यांना सहा टाकून पर्स आवरतात. मीही टाकले. शीट पांढरी झाली की बरं वाटतं. ती बघूनच वॉचमनने दुरुस्तीसाठी शेड चारला कुलूप लावलं.

११ नोव्हेंबर
फाटकावर बुधी नावाची बाई आली, जव्हारकडची. नवरा जिवल्या पाच तारखेपासून बेपत्ता. मी शीट पाहिली: शेड चार, आत ८.०२, बाहेर ६.००. तो गेला, असं सांगितलं. ती म्हणाली, "आत जाताना मी बघलाय. भायेर आला नाय."
ते सहा मी टाकले होते. म्हणून तर त्याला आत कोणी शोधलं नाही.

१२ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. पळाला असेल, म्हणाले. त्याचे सहा पुसले, ओळ लाल झाली. खाली आजच्या तारखेला त्याचीच आणखी एक लाल ओळ. शेड चार, आत ८.०२. कुलूप तर तसंच आहे.

१३ नोव्हेंबर
पुन्हा ८.०२. नियम काढून टाकला. तरी लाल. बुधी फाटकाशीच बसून आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

१४ नोव्हेंबर, ५.२०
शेड चार. वॉचमनने कुलूप काढून दिलं आणि गेला. मोबाइल आत न्यायची बंदी, फाटकावर ठेवलाय; ही वही तेवढी सोबत आहे. सवयीने मशीनवर बोट लावलं. हेमांगी, आत ५.२०. आत कोणी नाही. रंगाच्या टाकीजवळ फक्त चपला, जोडून ठेवलेल्या.

दार मागे आपोआप लागलं. उघडत नाही.

मशीन वाजलं. मी तर इथे, टाकीपाशी. पडद्यावर — जिवल्या, आत ८.०२.

साडेपाच. पुन्हा वाजलं. हेमांगी, बाहेर ६.०० — ताई, मी आत आहे — ताई —

बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज. ओरडले. पंख्यांच्या घरघरीत काही —

बुधीने मला आत येताना पाहिलंय. ती सांगेल. बाहेर आली नाय, म्हणेल. पण ते शीट बघतील आणि तिला —