पणजोबा सापडेपर्यंत

४ जून, सकाळी ६
संकल्प : घराण्याचा इतिहास लिहायचा. पाच पिढ्या, तीन महिने. नवी फाइल आणली, वर पणजोबांचं नाव घातलं. ते फार मोठे अधिकारी होते असं आमच्याकडे सगळे म्हणतात. पुरावा तेवढा बाकी.
बायको म्हणाली, आधी पोरीचा जन्मदाखला आणा. परगावच्या कॉलेजला ३१ जुलैच्या आत द्यायचाय, नाहीतर अ‍ॅडमिशन जाईल. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. त्याच ऑफिसात तर जाणार आहे.

७ जून
नोंदणी कार्यालय. जुनी रजिस्टरं तळघरात. वर्ष माहीत असेल तरच पान सापडतं. मला वर्ष माहीत नाही, पण अंदाज दांडगा आहे. रेकॉर्डच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, अंदाजाला आमच्याकडे कपाट नाही हो.
वर आलो तर दाखल्याची खिडकी बंद. उद्या नक्की.

१६ जून
चार वर्षांची रजिस्टरं पालथी घातली. फलित : शिंका, पाठदुखी. बाई आता मला ‘या पणजोबावाले’ म्हणतात. ओळख होते आहे, चांगलं आहे.
लेकीने विचारलं, बाबा, दाखल्याचं काय झालं? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. हे खोटं नाही. प्रोसेस माझ्या डोक्यात सुरू आहे.

२ जुलै
खिडकीपुढे अकरा माणसं. संशोधकाने रांगेत वेळ घालवायचा म्हणजे फारच झालं. खाली गेलो.
प्रस्तावना पूर्ण. बारा पानं. पहिलं प्रकरण पुरावा मिळाल्यावर.

१५ जुलै
पणजोबा सापडले!
मुलांच्या जन्मनोंदीत. व्यवसाय : धान्यकोठारावर पहारेकरी. सहीच्या जागी अंगठा. सात मुलं. सातही नोंदी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, नावासकट. बाई म्हणाल्या, माणूस मोठा वक्तशीर हो तुमचा.
अधिकारीही कधी कधी अंगठा उठवत असतील. चौकशी करायला हवी. आज नको. थकलो.

२८ जुलै, दुपारी
दाखल्याच्या खिडकीवर गेलो. नोंद दोन मिनिटांत मिळाली. तारीख बरोबर, आईबापांची नावं बरोबर. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. खाली माझी सही, चांगली झोकदार.
मग आठवलं. दवाखान्यातून परस्पर आलो होतो, नाव ठरलं नव्हतं. ठरलं की येऊन भरतो, असं सांगून गेलो होतो. त्याला एकोणीस वर्षं झाली.
आता नाव घालायला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि तीन आठवडे.
घरी सांगितलं. बायको भांडली नाही. लक्षण बरं नाही.

१ ऑगस्ट
कॉलेजने मुदत वाढवली नाही. तीन वेळा फोन केला, लेकीनेच. मग म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. बॅग माळ्यावर परत ठेवली. मी स्टूल धरलं.
म्हटलं, एका अर्थी बरंच झालं, वर्षभर मोकळी आहेस, वंशावळ टाइप करायला… तिने वरूनच माझ्याकडे पाहिलं. वाक्य तिथेच सोडलं.

४ ऑगस्ट
लेक आणि मी, दोघं मिळून खिडकीवर. प्रतिज्ञापत्र झालं. अर्जात एक रकाना : विलंबाचे कारण. मला कारणं रोज सुचतात. पेन धरून उभा राहिलो. शेवटी लिहिलं : कारण नाही.
कारकुनाने अर्ज परत सरकवला. म्हणाला, काका, कारण लागतंच, त्याशिवाय कागद पुढे जात नाही. काहीही लिहा. मागून कुणीतरी म्हणालं, घरून लिहून आणायचं ना.
लेकीने माझ्या हातातून पेन घेतलं. माझी ओळ खोडली आणि तिच्या स्वच्छ अक्षरात वर लिहिलं : वडील कामात होते.
कारकुनाने वाचलं, शिक्का मारला.
आता ते सरकारी दप्तरात आहे.