विदादबाईंचा डावा हात

२ फेब्रुवारी
फिजिओथेरपीला नवी पेशंट — विदादबाई! मन्सूरा शहरातल्या शाळेत तिसरीला शिकवायला होती मला. मी डावखुरी, म्हणून अख्खा हिवाळा माझा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता हिनं. 'डाव्या हातानं सैतान जेवतो.' मधल्या सुट्टीतसुद्धा तसाच. उजव्या हातातून घास सांडायचा, वर्ग खिदळायचा. मी रोज म्हणायचे, 'सोडा ना बाई.' एकदाही सोडला नाही.
आता पक्षाघातानं हिचाच उजवा हात लुळा पडलाय. मला ओळखलं नाही. बरंच झालं.

३ फेब्रुवारी
डॉ. वग्दी म्हणाले, "उजव्याची बोटं जरा उघडतायत. धडधाकट डावा बांधून ठेव, म्हणजे उजवा झक मारत काम करेल."
हसू आवरेना.

४ फेब्रुवारी
बांधायला जाड हातमोजा असतो आमच्याकडे. तो कपाटातच ठेवला. घरून चौकड्यांचा रुमाल नेला, तिच्याकडे तेव्हा होता तसलाच. खुर्चीच्या हाताला करकचून गाठ मारली. तिच्या डाव्या तळव्यावर भाजल्याचा जुना डाग आहे. विचारलं नाही.
कोबीच्या पानात भात भरून महशी वळायला लावली. सगळा भात मांडीवर. आया पुढे धावली, तिला थांबवलं. मला फक्त एकदा हिच्या तोंडून 'सोड गं' ऐकायचंय. मग सोडेन.

७ फेब्रुवारी
अजून 'सोड गं' म्हणाली नाही. डोळ्यांत पाणी, पण तोंड घट्ट मिटलेलं. हट्टी म्हातारी!

११ फेब्रुवारी
महशी वळली. वाकडी, पण वळली! डॉ. वग्दी सगळ्यांसमोर म्हणाले, "अशी शिस्त हवी." बाईंची भाची माझ्यासाठी बसबूसाचा, रव्याच्या गोड वड्यांचा, डबा घेऊन आली. "तुझे हात सुखी राहोत," म्हणाली. कुठला हात, ते विचारायला हवं होतं. मी सूड उगवतेय आणि ही बरी होतेय. काय नशीब माझं!

१२ फेब्रुवारी
आज मुद्दाम तिच्यासमोर बसून डाव्या हातानं जेवले. बघत राहिली.
"तिसरी, खिडकीजवळचा बाक," मी म्हटलं. "आठवतंय का, बाई?"
"पहिल्याच दिवशी ओळखलं तुला," म्हणाली. "गाठ माझ्यासारखीच मारतेस."
तरी माफी नाही. उद्या आणखी घट्ट बांधणार.

१३ फेब्रुवारी
रुमाल आणायला आत गेले. परत येते तो टेबलावरचं पेन बाईंच्या डाव्या हातात. कागदावर स्वतःचं नाव लिहिलेलं — रेखीव, एका ओळीत, न थरथरता. इतकी वर्षं हे काम करतेय. नवशिक्या हाताचं अक्षर असं येत नाही.
मी त्या डागाकडे पाहिलं.
"माझ्या आईनं तापलेली पळी ठेवली होती," बाई म्हणाल्या. "मी तुला नुसतं बांधलं गं."
माझ्या हातात रुमाल तसाच. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तो हात आपणहून पुढे केला.