पल्ल्याबाहेर

४ फेब्रुवारी
लागले एकदाची नोकरीला! प्रयोगशाळा झकास आहे. दारं शिशाची, चहा मात्र पाणचट. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या डोसमीटरचं नवं मॉडेल आलं की त्यातले चार-सहा नमुने आम्ही तापवतो, आपटतो, भिजवतो. नमुने टिकले की अख्खं मॉडेल पास. शितावरून भाताची परीक्षा. आमच्या साहेबांना मागून सगळे पास-साहेब म्हणतात, कारण त्यांच्या हातून आजवर काहीच नापास झालेलं नाही. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली, मला ‘पोरी’ म्हणाले. मी कुणाची बहीण आहे ते त्यांना ठाऊक नाही.

६ फेब्रुवारी
आज अतिमाऱ्याची चाचणी समजावून घेतली, जसं काही मला माहीतच नाही. डोसमीटरच्या पल्ल्याच्या कितीतरी पट किरण सोडायचे. आकडा वर अडून राहिला तर ठीक. काही यंत्रं मात्र त्या माऱ्याने गुदमरतात आणि सरळ शून्य दाखवतात. दादाच्या छातीवर असंच शून्य होतं. तो पाइपांचे जोड किरणांनी तपासायचा. शून्य बघून बिनघोर बसला आणि किरणांच्या उघड्या स्रोताशेजारी डबा खाल्ला. त्यातच गेला. त्या मॉडेलची ही चाचणी साहेबांनी केलीच नव्हती. तशीच पास लिहिली होती. मी त्यांना सोडणार नाही.

११ फेब्रुवारी
साहेबांनी नव्या मॉडेलच्या अतिमाऱ्याच्या निकालाखाली माझी सही मागितली. चाचणी झालेली नाही. कंपनीला घाई आहे, म्हणाले, आणि सगळेच करतात. नाही म्हटलं असतं तर आजच बाहेर पडले असते आणि हा माणूस हातचा गेला असता. केली सही. आधी यांचं होऊ दे, मग निस्तरेन.
वहिनीने जपून ठेवलेला दादाचा डोसमीटर त्यांच्या ॲप्रनच्या खिशात सरकवला. त्यातला सेल कधीच काढलेला आहे. दादा, हाच तो, एवढंच म्हटलं.

१३ फेब्रुवारी
बिनसेलाचा डोसमीटर टिकटिकतो! बाकीची यंत्रं गप्प, स्रोत कुलपात. साहेबांनी तो कचऱ्यात टाकला. जेवण होईतो पुन्हा खिशात. त्यांचे तळवे भाजल्यासारखे लाल झालेत. काय आनंद झाला म्हणून सांगू.

१७ फेब्रुवारी
साहेब गेले. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. दादाचंही असंच झालं होतं, आधी तळवे, मग केस. करावं तसं भरावं. वहिनीच्या गळ्यात पडून पोटभर रडले.

१८ फेब्रुवारी
डोसमीटर माझ्या ॲप्रनमध्ये आहे. मी ठेवलेला नाही.
टिकटिक. दादा, अरे मी आहे —

१९ फेब्रुवारी
सही मागे घ्यायला धावले. माल कालच रवाना झाला, कंपनीवाले म्हणाले. आता कुणाच्या तरी दादाच्या छातीवर —
तळवे लाल. धुतले. लाली जात नाही.

२० फेब्रुवारी
साहेब नुसता नमुना होते. सही करणारे आम्ही सगळे एकाच मॉडेलचे.
दादा, मी तुझ्यासाठीच — ऐकत नाही. आकडा चढतोय. चढतोय —

थांबली. टिकटिक थांबली! शून्य! सोडलं त्याने मला, सोडल —

नाही. हे यंत्र शून्य केव्हा दाखवतं ते मला