परिचय दुसऱ्याने लिहायचा

३ जून

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण दिवसभर दुकानात उभं राहून गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा उभ्याउभ्याच घे. आम्ही इकडे ठीक. तू आणि वहिनी ठीक असाल. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं मावशीकडून कळलं. डोळ्यांना जप.

आई गेल्यापासून तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, आणि तेही कामाचं. तुझी कथा मासिकाकडे पोचली. पाकिटावर 'संपादक' लिहिलं होतंस म्हणून फ्रेमवाल्या बाईंनी उघडलं. त्याच आमच्या संपादक. पुढे त्यांचं फोटोंना फ्रेमा करून द्यायचं दुकान, आणि मागच्या खोलीत मासिक. काचा, लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास यांच्यात आमच्या चार खुर्च्या. मी दिवसा ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढते आणि संध्याकाळी तिथे बसून मुद्रितं तपासते. मावशीकडे एकदा आमचा अंक चाळून तू म्हणाला होतास, 'कागद बरा आहे, पुड्या बांधायला होईल.' मी आत चहा गाळत होते. ऐकू आलं.

आता म्हणे मोठमोठी माणसं आमचा अंक मागवून वाचतात. तेव्हा तुलाही आठवण झाली असणार. असो. आलास, बरं झालं.

तुझी कथा वाचून बाई रडल्या. अंथरुणाला खिळलेली आई, तिचं सगळं हगणंमुतणं काढणारा मुलगा, आणि अगदी शेवटी ती जे बोलते ते. त्या ओळीपाशी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी नाही रडले. पण कथा घेतली आहे आणि मीही हात वर केला. अडचण एकच, तुझा परिचय.

तू पाठवलेला परिचय पानभर आहे. पुस्तकं, पुरस्कार, कुठल्या समितीवर कोण होतास ते. तो आमच्याकडे चालत नाही रे. आमचा एक नियम आहे. आपला परिचय आपण लिहायचा नाही. ज्याने आपल्याबरोबर काम केलंय, त्याने लिहायचा, आणि काम करताना माणूस कसा दिसतो तेवढंच लिहायचं. पहिल्या अंकात सगळ्यांनी आपापले परिचय लिहून दिले होते. जो तो संवेदनशील मनाचा. बाई म्हणाल्या, इतकी संवेदनशील माणसं एका गावात असती तर माझ्या दुकानाची काच एवढ्या वेळा फुटली नसती. तेव्हापासून हा नियम.

आमचे लेखक तुझ्या ओळखीतले नाहीत, म्हणून नमुने देते. एक कवी लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या जोडीदाराने लिहिलं, 'हा खड्ड्यात उतरला की गुणगुणतो. गुणगुणणं थांबलं की आम्ही वरून हाका मारतो.' शाळेची बस चालवणारी एक जण खुनाच्या गोष्टी लिहिते. तिच्या बसमधल्या मदतनीस बाईने लिहिलं, 'ब्रेक फार हळू लावते. शिव्या मनातल्या मनात देते, पण ओठ हलतात.' कोर्टात टायपिंग करणारा एक कथालेखक आहे, त्याचा परिचय शेजारच्या टेबलावरच्याने दिला, 'साक्षीदार रडला तरी याची बोटं थांबत नाहीत. घरी जाऊन रडतो असं याची बायको सांगते, पण तिने याच्याबरोबर काम केलेलं नसल्याने ते धरू नये.' लोक अंक हातात आला की आधी मागचं पान उघडतात, परिचयाचं. गोष्टी नंतर.

तर तू कथेखाली लिहिलंयस, 'यातला शब्द न् शब्द मी जगलो आहे.' छान. मग ज्याने हे काम तुझ्याबरोबर केलं, आईला कुशीवर वळवताना पलीकडून धरलं, चादर ओढून घेतली, अशा कुणाकडून तरी दोन ओळी लिहून पाठव. कोण होतं ते तुला आठवत असेलच.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
भुणभुण
(नाव तूच ठेवलेलंस. मी लहानपणी मागे लागायचे म्हणून.)


२१ जून

दादा,

पत्र मिळालं. तुझ्या विद्यार्थ्याने लिहिलेला परिचय वाचला. 'सरांच्या वर्गात डोळे पाणावत.' पाणावले असतील. पण तो मुलगा आईच्या खोलीत कधी आला नव्हता, आणि कथा वर्गाची नाही.

खाली तू स्वतः लिहिलंयस ते मी दुकानात, वाफेच्या इस्त्रीपाशी उभी राहून वाचलं. 'एवढा नियमाचा बाऊ कशाला? मग तूच लिही की. आईचं आपण दोघांनी मिळूनच केलं ना.'

दोघांनी मिळून. एका गिऱ्हाइकाचा कोट माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला, नाहीतर जळला असता.

तू किती वेळा आलास ते मी मोजत बसत नाही. यायचास तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचास, तिचा हात हातात घ्यायचास, आणि मी बेडपॅन आणलं की 'मी जरा बाहेर आहे' म्हणायचास. त्याचा मला राग नव्हता. खरंच नव्हता. एकेकाला जमत नाही. शिवाय तू दर रविवारी फोन करायचास. मी शेजारणीला सांगायचे, आमचा दादा लांब आहे, पण रविवार चुकवत नाही.

आता तुझी कथा समोर ठेवून एकेक रविवार आठवते. आई पडल्या पडल्या चादरीखाली पाय हलवायची, वर-खाली, वर-खाली. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, शिवणाच्या मशीनचं पायडल तिच्या पायांतून गेलंच नाही. मी तळव्यांखाली उशी ठेवली, मग थांबायची. हे मी तुला फोनवर सांगितलं. तुझ्या कथेत मुलगा उशी ठेवतो. पाठीला जखम झाली तेव्हा मी तिला हसवायला म्हटलं, तुझ्या पाठीला ठिगळ लावायला कुठला दोरा घेऊ, आणि ती म्हणाली, 'रंग जुळव म्हणजे झालं.' तुझ्या कथेत हा विनोद मुलगा करतो, आणि आई त्याच्या गालाला हात लावते. माझ्या गालाला नव्हता लावला. तिचा हात उचलायचाच नाही तेव्हा.

फोनवर तुझ्या बाजूने टकटक ऐकू यायची. मी विचारायचे, ऐकतोयस ना? तू म्हणायचास, हो, बोल, बोल. आणि मग, 'ती नेमकं काय म्हणाली? तिचेच शब्द सांग.' मला भरून यायचं. वाटायचं, बघा, आईच्या एकेका शब्दासाठी कसा तळमळतो. मी आठवून आठवून सांगायचे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा फोन करून दुरुस्त करायचे. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आई गेली आणि रविवारचा फोनही गेला. मी समजले, दुःखाने बोलवत नसेल. परवा कळलं, माल संपला होता.

उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते. हाकणाऱ्या बाईचं नाव पुसून कळपच आपला म्हणणारा घरातच निघाला. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं रे. कथेत एक बहीण ठेवली असतीस, कोपऱ्यात, चादरीच्या घड्या घालणारी, तरी मी अंक उराशी धरून गल्लीभर दाखवत फिरले असते. तुझ्या कथेत बहीण नाही. मी शोधली. मुद्रितं तपासते तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून.

तुला आणखी एक संधी देते. परिचय मी लिहायला तयार आहे. पण मग जे पाहिलं तेच लिहीन. नको असेल तर कथा परत मागव, कुणाला काही कळणार नाही. लवकर कळव.

भुणभुण


९ ऑगस्ट

दादा,

अंक निघाला. तुझ्या प्रती याच पाकिटात आहेत. आधी पत्र वाच, मग मागचं पान उघड. पण मागचं पान तू आधी उघडलं असशीलच, सगळे तेच करतात.

तुझं उत्तर माझ्याजवळ आहे. तू कथा परत मागवली नाहीस. लिहिलंस, 'तुझा राग मी समजू शकतो, लेखकाला हे सोसावंच लागतं. परिचयात काय लिहायचं ते लिही. फक्त शेवटच्या ओळीला हात लावू नकोस. सगळी कथा तिच्यावर उभी आहे.'

नाही लावला. जशीच्या तशी आहे. आई डोळे मिटण्याआधी म्हणते, 'हळू बोला, दादा आत झोपलाय, दमून आलाय.' आणि मुलगा तिच्या उशाशीच बसलेला असतो.

वाक्य चांगलं आहे, मला आधीपासून माहीत आहे. कसं ते सांगते.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पोचलास. सगळं आटपलेलं होतं. तू जिन्याच्या पायरीवर बसलास, बुटाच्या नाड्याही सोडल्या नव्हत्यास, आणि मला विचारलंस, 'माझं नाव काढलं का गं तिने?' तुझा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला बघवलं नाही. मी म्हटलं, हो. मग तू विचारलंस, काय म्हणाली? तिचेच शब्द सांग. तेव्हाही.

मी तुझ्या शेजारी बसले आणि ते वाक्य रचलं. तिथल्या तिथे, तुझ्या नाड्यांकडे बघत. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास, आणि मला वाटलं, आज आपण दादासाठी एक चांगलं काम केलं.

तिने तुझं नाव काढलं नव्हतं, दादा. त्या दिवशी नाही, त्याच्या आधीही कितीतरी दिवस नाही. सुरुवातीला विचारायची. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे नुसतं बघायची. मग एकदा म्हणाली, ती खुर्ची बाहेर ठेव, ये-जा करताना तुझ्या पायात येते. मी ठेवली.

तू भाषणांत ते वाक्य सांगतोस म्हणे, लोक रुमाल काढतात. मावशीने सांगितलं होतं. तेव्हा मी गप्प राहिले, म्हटलं, बिचाऱ्याला तेवढाच आधार. आताही गप्प राहिले असते. तू 'दोघांनी मिळून' लिहिलं नसतंस तर.

मग खरं काय म्हणाली, असं तू विचारशील. शेवटचं ती माझ्याशी बोलली, चार-पाच साधे शब्द. ते मी तुला सांगणार नाही. तुला सांगितलेलं घरात राहत नाही.

बाई मागच्या पानाचं मुद्रित हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. पुढे एक गिऱ्हाईक लग्नाचा फोटो घेऊन ताटकळत उभं होतं. म्हणाल्या, 'नियम आपण माणसं कळावीत म्हणून केला, फोडावीत म्हणून नाही. तुझा भाऊ आहे तो.' मी म्हटलं, भाऊ आहे म्हणूनच दोन ओळी, परका असता तर पान भरलं असतं. त्या हसल्या नाहीत. विचारलं, 'पश्चात्ताप झाला तर?' मी म्हटलं, झाला तर माझा मी बघेन. डागांचं काम करते मी, कुठला निघतो आणि कुठला नाही ते हाताला कळतं. मग त्यांनी सही केली.

मागचं पान बारीक टायपात आहे आणि तुझे डोळे अजून नाजूक असतील, म्हणून परिचय इथे उतरवते. आपल्या लिफ्टवाल्याच्या खाली आणि बसवालीच्या वर आहे.

'यांच्याबरोबर यांच्या धाकट्या बहिणीने काम केलं आहे. आईचं सगळं ती करायची आणि दर रविवारी फोनवर सांगायची. हे लिहून घ्यायचे. ऐकण्याचं काम हे मन लावून करतात, मध्ये बोलत नाहीत. कथेतलं शेवटचं वाक्य आईचं नाही. ते बहिणीने रचून यांना दिलं होतं.'

एक शब्द जास्त नाही, बघ. पुरस्कार वगैरे नियमाप्रमाणे गाळले आहेत.

मुद्रित छापायला गेलं त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. सांगायला लाज वाटत नाही. आई असती तर तिने मला रागावलं असतं, तुझी बाजू घेतली असती, नेहमी घ्यायची. ती नाही. तिची बाजू सांगणारं आता तुझ्या कथेत एक वाक्य उरलं होतं, तेही माझंच निघालं.

तुला झोप लागणार नाही हे मला कळतं. पुढच्या भाषणात त्या ओळीपाशी येशील आणि समोर कुणाच्या तरी मांडीवर आमचा अंक असेल, हेही कळतं. वाईट वाटेल. वाटू दे. दिलेलं परत घेऊ नये, असं आईच म्हणायची. मी घेतलं.

वहिनीला नमस्कार सांग. डोळ्यांत औषध घालत जा.

तुझी सहलेखिका,
भुणभुण