पाय सोडला की येतो

३ फेब्रुवारी, सोमवार

आज बाबांनी वहिनीला बाजूच्या सीटवर बसवलं. माझ्या सीटवर!

झालं असं – जेवायच्या वेळेला बाबा आपली पिकअप गॅरेजात घेत होते. समोरचा रंगारी, गाड्यांना रंग मारतो तो, ब्रश हातात धरूनच ओरडला, "काका, तुमची गाडी रडतेय की!" बाबा चमकले. बाबांच्या आधी रंगाऱ्याला आवाज ऐकू आला! वाटलं, आता बाबा त्याला फाडून खाणार. पण नाही. खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

मी एका गाडीखाली होते. घाईघाईने बाहेर आले, हात पुसायला लागले. म्हटलं आता चक्कर मारायची. नेहमीसारखी – बाबा चालवणार, मी बाजूला डोळे मिटून बसणार, आणि ते एवढंच म्हणणार, "ऐक." शाळेत होते तेव्हापासून आमचं हे असंच. गाडी आजारी पडली की आम्ही दोघं.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. बालवाडीत शिकवते, सुटली की बाबांचा डबा आणते. बाबा तिला म्हणाले, "चल गं, एक चक्कर मारू." ती बसली. गेले. मी तिथेच, हातात फडकं. जिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे माहीत नाही, ती गाडी ऐकणार!

डबा मात्र माझ्या हातात देऊन गेली. सांभाळायला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजही तीच. आज तर बाबांनी दार उघडून दिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाकडे विषय काढला. सरळ नाही, आडून. म्हटलं, "वहिनीला गाड्यांचं फार वेड लागलंय वाटतं." दादा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "बरंच आहे की. सासरा-सून हसतखेळत राहतात. तुझं का पोट दुखतंय?"

दुखतंय! इथे तरी लिहिते. चांगलं सणसणीत दुखतंय. दादाला लहानपणी गॅरेजचा वास सहन होत नव्हता. नाकाला रुमाल लावून यायचा. माझ्या नखांतलं काळं अजून जात नाही. बाबा मला 'पाना' म्हणतात – दहाचा पाना, लागेल तेव्हा हाताशी. आणि आता त्याची बायको येऊन आयती बाजूच्या सीटवर. उद्या गॅरेजची किल्लीही तिच्याच पर्समध्ये जाईल.

बाबा माझ्याशी धड बोलतही नाहीत हल्ली. दुपारी विचारलं, "फॅन बेल्ट आणून ठेवू का?" म्हणाले, "हो, झाकून ठेव." काय झाकून ठेव? लक्षच नाही. संध्याकाळी पाठीमागून दोनदा चहा विचारला, उत्तर नाही. वहिनी समोर जाऊन उभी राहिली तर लगेच, "आण की!"

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा बँकेत गेले होते. पिकअप अंगणात उभी, किल्ली खिळ्यावर. मी घेतली. आपल्याच गॅरेजात चोरासारखी!

चालू केली. गिअर नाही, पाय पेडलवर नाही – आवाज आला. बारीक, एकसुरी ऊंऊंऊं, डास कानाशी यावा तसा. क्लच दाबला – गेला. सोडला – आला. दाबला – गेला. गाडी उभ्या उभ्या एवढं स्पष्ट सांगत होती! क्लच दाबला की गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट फिरायचा थांबतो. आणि आवाजही थांबतो. म्हणजे दुखणं गिअरबॉक्सच्या आत, त्या शाफ्टच्या बेअरिंगला. उलट असतं, क्लच दाबल्यावर आवाज आला असता, तर क्लचचं रिलीज बेअरिंग – ते बाहेरच असतं, गिअरबॉक्स उतरवला तरी उघडावा लागत नाही.

हे मला बाबांनीच शिकवलंय. मग स्वतः का नाही ओळखत? तीन दिवस चकरा मारतायत! गाडीचं दुखणं काढायचंय की सुनेला फिरवायचंय?

मला कोणी विचारलं नाही. मी सांगणार नाही. किल्ली पुन्हा खिळ्यावर लावली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. लिहून टाकते म्हणजे झोप लागेल.

दुपारी दोघं पिकअपमध्येच बसले होते, गाडी बंद, काचा वर. वहिनी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी करत होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग बाबा हसले. ती हसली. परत कानाशी. हे कसलं गुपित, जे मी तीन हातांवर असताना कुजबुजून सांगावं लागतं? बाबांचे मिटलेले डोळे – तसे तर मी मिटते! त्या सीटवर डोळे मिटून ऐकायचं हे आमचं आहे, माझं आणि त्यांचं.

नकला येतात तिला, मान्य. मुलांना दिवसभर मांजर, आगगाडी, कुकर काढून दाखवते. दादाचं घोरणं तर असं काढते की मीसुद्धा हसले होते. पण गॅरेज म्हणजे बालवाडी नाही.

मी टायर घ्यायच्या निमित्ताने जवळून गेले. तेवढ्यात त्यांनी काच खाली घेतली आणि वहिनीचं वाक्य ऐकू आलं, चांगलं खणखणीत – "बाबा, पाय सोडला की येतो!"

बाबांनी मांडीवर थाप मारली. "मग रिलीज बेअरिंग! वरवरचंच आहे."

मी टायर धरून उभीच राहिले. कारण चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि ती जगात फक्त आमच्याच गॅरेजात होऊ शकते. मी गाडी शिकले तेव्हा सीटवर मांडी घालून बसायची सवय होती मला. बाबा ओरडायचे, "पाय सोड!" की मी पाय खाली सोडायची, थेट क्लचवर. तेव्हापासून आमच्यात 'पाय सोड' म्हणजे क्लच दाब. उचलायचा असेल तर 'पाय काढ'. सगळं जग उलटं बोलतं. वहिनी जगासारखी बोलली, बाबांनी घरच्यासारखं ऐकलं.

मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले. मुद्दाम नाही बोलले! म्हटलं, गिअरबॉक्स उतरू दे, बेअरिंग बदलू दे, आणि मग गाडी सगळ्यांसमोर रडू दे. मग कळेल बाजूला कोणाला बसवायचं ते.

८ फेब्रुवारी, शनिवार

गिअरबॉक्स उतरवला. मी आणि बाबा, दिवसभर गाडीखाली. वहिनी नव्हती, सुट्टी होती तिला. अशा कामाला पाना लागतो!

खरं सांगायचं तर छान गेला दिवस. ते हात पुढे करायचे, मी हवं ते हत्यार ठेवायची. बोलायची गरज नाही. जॅकवर गिअरबॉक्स खाली आला तेव्हा बाबांच्या कपाळावर ऑईलचा थेंब पडला, मी माझ्या बाहीने पुसला. तेव्हा जिभेवर आलं होतं – बाबा, हे बेअरिंग नाही हो.

जुनं रिलीज बेअरिंग त्यांनी बोटांनी फिरवून पाहिलं. गुळगुळीत फिरत होतं. परत फिरवलं. शाफ्ट धरून हलवला, तोही ढिला नव्हता. बाबांच्या कपाळाला आठ्या. मग पुटपुटले, "ती म्हणाली ना पाय सोडला की." तिचं नाव काढलं आणि माझी जीभ परत आत गेली.

नवीन बेअरिंग बसवलं. बाकीची जोडाजोड सोमवारी.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार. जेवताना वहिनी बाबांच्या डाव्या बाजूला. ती जागाही आता तिचीच झाली म्हणायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

हद्द झाली! हद्द!

गाडी जोडून झाली. रंगारी बघायला आला होता, मी उभी होते. बाबा बसले, गाडी चालू केली. आणि तोच आवाज! तसाच, केसभरही कमी नाही. ऊंऊंऊं! मला आतून इतका आनंद झाला की लिहायला लाज वाटतेय. मी बाबांकडे बघत होते, आता तोंड पडेल, आता मला हाक मारतील.

बाबांनी पाय पेडलवर ठेवला, काढला, परत ठेवला. गिअरच्या दांड्यावर तळवा टेकवला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले –

"गेला!"

आणि हसले. अगदी खूश. "गेला ना गं, पाना?"

रंगारी माझ्याकडे बघायला लागला. गाडी किंचाळतेय आणि हे म्हणतात गेला! सुनेची चूक झाली हे दिसू नये म्हणून! तिचं नाक राखायला माझ्या बापाने आवाजाच्या बाबतीत खोटं बोलावं? गिऱ्हाईक परत जाईल पण खोटं सांगणार नाहीत, असा माणूस! मी आत निघून आले. रडले. रागाने.

उद्या वहिनीला सोडत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डबा घेऊन आली तशी तिला अंगणात गाठलं. जे तोंडाला आलं ते बोलले. की तुला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. की तुझ्यामुळे दोन दिवसांचं काम वाया गेलं. की तुझी चूक झाकायला बाबा 'गेला' म्हणून खोटं बोलले, माझ्या तोंडावर!

ती भांडेल असं वाटलं होतं. तिचा चेहराच उतरला. "गेला म्हणाले?" एवढंच विचारलं. "आवाज येत असताना?"

आणि डबा तिथेच ठेवून सरळ बाबांकडे गेली. ते स्टुलावर बसले होते. ती डाव्या बाजूने वाकली, कानाला तोंड जवळजवळ टेकवलं आणि तो आवाज काढला. गाडीचा. पण खालच्या पट्टीत, जाडा, घुमणारा – ऊंऊंऊं. मग हाताने पेडल दाबल्यासारखं केलं आणि थांबली. हात उचलला, परत सुरू.

बाबा ऐकत होते. हसू हळूहळू गेलं. "अजून आहे?" त्यांनी तिला विचारलं. मग म्हणाले, "पाय काढला की येतो होय." आणि माझ्याकडे पाहिलं.

वहिनी बाहेर आली ती डोळे पुसत. म्हणाली, "अगं, बारीक आवाज त्यांना वर्षभरापासून ऐकूच येत नाहीत. उजवा कान तर गेलाच. मी जाड्या आवाजात करून दाखवते, मग त्यांना कळतं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. म्हणाले, तिला नको. ती माझ्या कानाची फुशारकी मारते सगळीकडे."

फॅन बेल्ट. चहा. सगळं आठवलं. मी पाठीमागून बोलत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गिअरबॉक्स परत उतरवला, उघडला, आतलं बेअरिंग बदललं. मी आणि बाबा. संध्याकाळी त्यांनी बाजूच्या सीटवर थाप मारली. मी बसले. गाडी चालू केली त्यांनी, पाय ठेवला, काढला, आणि डावा कान माझ्याकडे केला. मी तोंड नेलं. काढायला आवाजच नव्हता, तरी तशीच राहिले.

"तू आधीच ऐकला होतास ना?" बाबांनी विचारलं.

"हो," म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हणावं लागलं.