गुरवानं बांधलेली गाठ

कार्तिक वद्य पंचमी, शके १८३५. सुपे.

वहिनीच्या दंडावरची ती गाठ डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळी भात कापताना तिच्या मनगटाला काहीतरी चावलं. साप समजून गुरवानं देवाचं नाव घेत दंडाला दोरी करकचून बांधली आणि तो कॅसलरॉक स्टेशनाकडे निघून गेला. मागाहून तिच्या बांगडीखाली चेचलेला कोळी सापडला. कोळ्याच्या चाव्याला आवळायचं नसतं, जागा धुऊन गार फडकं ठेवायचं. गाठ सोड म्हणून दादाला किती सांगितलं, तो ऐकेना! वहिनीच म्हणाली, "न्हाई भावजी, ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. देव कोपंल." तिच्या दंडाला मी कसा हात लावू? पण गाठ तशीच ठेवायची? बोटं काळीनिळी पडलीत.

आत्ता दिवेलागणीला ती हसून म्हणाली, "देव पावला, भावजी. आता हात दुखतच न्हाई."